ग्रॅन टुरिस्मो ७ : सिम रेसिंगची खरी आवड असलेल्याचं यावर भागतं का?

वळणदार

सिम रेसिंग म्हणजे खऱ्यासारखी वागणारी गाडी गेममध्ये स्टीअरिंग-पेडलवर चालवणं. पीएस५ घेऊन ग्रॅन टुरिस्मो ७ला (जीटी७) स्टीअरिंग जोडावं, की तेच पैसे पीसीत घालून सरळ आयरेसिंग किंवा असेटो कोर्सा अशा पीसीवरच्या सिमकडे वळावं? हा प्रश्न दर थोड्या दिवसांनी कुठल्या तरी भलत्याच धाग्यात निघतो आणि "जीटी म्हणजे पोरखेळ" विरुद्ध "यामाउचींना (जीटीचे कर्ते) नावं ठेवू नका" असा वाजत गाजत विझतो. म्हणून हा वेगळा धागा. कृपया ग्राफिक्स, गाड्यांची संख्या आणि गेममधल्या कॅफेतलं संगीत बाजूला ठेवा. टायर, ब्रेक, हाताला काय कळतं आणि समोरचा कसा चालवतो, एवढ्यावरच बोलू. कंट्रोलरवर खेळणाऱ्यांचं मत इथे धरलेलं नाही, राग नसावा.

माझं म्हणणं असं की जीटी७ची गाडी लोक समजतात त्यापेक्षा बरीच खरी आहे, पण ती खरी वाटावी अशा अवस्थेत आपल्याला कोणी देत नाही. सगळा घोळ टायरचा. गेममध्ये कम्फर्ट, स्पोर्ट्स आणि रेसिंग अशा तीन जाती आणि प्रत्येकीत हार्ड, मिडियम, सॉफ्ट. बहुतेक जण पैसे हातात आले की रस्त्यावरच्या गाडीला रेसिंग सॉफ्ट चढवतात आणि मग म्हणतात, गाडी रुळावरून चालल्यासारखी चालते. चालणारच.

करून बघण्यासारखी चाचणी: २०१७ची स्विफ्ट स्पोर्ट घ्या. १४० पीएस (अश्वशक्ती), वजन ९७० किलोच्या घरात, पुढची चाकं ओढणारी. ट्यूनिंग शॉपमधून कम्फर्ट मिडियम टायर घाला. टीसीएस (चाकं जागेवर फिरू न देणारी मदत) शून्य, एएसएम (गाडी घसरू न देणारी मदत) बंद, काउंटरस्टीअर मदत बंद. त्सुकुबाला जा, लॅप जेमतेम २ किलोमीटरची आहे. शेवटच्या लांब उजव्या वळणात ॲक्सिलरेटर एका जागी धरून ठेवा आणि स्टीअरिंग हळूहळू जास्त वळवत जा. एका बिंदूनंतर स्टीअरिंग हलकं पडतं आणि गाडी बाहेर ढकलली जाते. आता स्टीअरिंग तसंच ठेवून पाय पटकन उचला. वजन पुढे येतं, नाक आत खेचलं जातं आणि मागचं हलकं होऊन किंचित सुटतं. पुढच्या चाकांवर चालणारी हलकी हॅचबॅक नेमकी अशीच वागते. हेच स्पोर्ट्स सॉफ्टवर करा, निम्मं नाट्य गायब. एएसएम चालू ठेवून करा, काहीच कळणार नाही.

टर्बोतात्या

वळणदार, गाडीबद्दल वाद नाही. पण सिमवाला एकटा लॅप मारायला बसत नाही, शर्यत करायला बसतो, आणि तिथे जीटी७ तोंडावर पडतो.

एकट्याच्या खेळात बहुतेक शर्यती अशा: तुम्ही रोलिंग स्टार्टला (चालत्या गाड्यांनी सुरुवात) सगळ्यांच्या मागे, पुढचा गडी अर्धा मिनिट पुढे, आणि तीन ते पाच लॅपमध्ये सगळ्यांना गाठायचं. याला शर्यत नाही म्हणत, पाठलाग म्हणतात. पात्रता फेरी नाही, ग्रिडवरून स्टार्ट नाही, मागून येणाऱ्याचा दबाव नाही. नोव्हेंबर २०२३च्या अपडेटपासून सोफी हा एआय क्विक रेसमध्ये कायमचा आला, तो खरंच चांगला लढतो, जागा सोडतो, चूक केली की आत घुसतो. पण मुख्य कारकीर्द अजून त्या जुन्याच सशामागे धावते.

ऑनलाइनला डीआर आणि एसआर अशा दोन पट्ट्या. डीआर वेगाची, एसआर सभ्यतेची. कल्पना चांगली, पण रोजच्या शर्यती छोट्या, त्यामुळे पहिल्याच वळणात सगळे जीव खाऊन घुसतात. पेनल्टी अर्ध्या एक सेकंदाची, आणि कधी कधी धडक खाणाऱ्यालाच बसते. आयरेसिंगमध्ये ट्रॅकबाहेर गेलात १ गुण, गाडी हातातून सुटली २, जोरात आदळलात ४. हे गुण साठले की सेफ्टी रेटिंग घसरतं आणि लायसन्स रूकीवरच अडकतं. चूक कोणाची हे तिथे बघितलंच जात नाही. ऐकायला अन्याय वाटतो, पण त्यामुळेच माणसं एकमेकांपासून हातभर लांब राहतात.

१३०आर

तात्यांना अनुमोदन, फक्त एक भर. रोजच्या ए, बी, सी अशा तीन शर्यतींत सी ही लांब असते आणि तिच्यात बहुतेक वेळा टायर झीज आणि इंधन दोन्ही धरलेलं असतं. जीटी७ला नावं ठेवणारे सहसा ए आणि बी खेळून ठेवतात. सी शर्यतीत इंधन मॅप १ वरून ३-४ वर नेणं (म्हणजे इंधन कमी जाळणं), लिफ्ट अँड कोस्ट करणं (ब्रेकआधीच पाय उचलून गाडी वाहू देणं), एक पिट वाचवणं, हे सगळं येतं. एसआरचा दर्जा "एस" असेल आणि डीआरचा "बी" किंवा वर, तर समोरचे बऱ्यापैकी शहाणे मिळतात.

आता स्टीअरिंगबद्दल, कारण "हाताला काही कळत नाही" ही तक्रार दहातल्या आठ वेळा सेटिंगची असते.

गेममध्ये दोनच आकडे आहेत: कमाल टॉर्क आणि संवेदनशीलता, दोन्ही १ ते १०. लोक टॉर्क १० वर नेतात, कारण जोर जास्त म्हणजे खरेपणा जास्त असा समज. लॉजिटेकचं जी२९ हे साधारण २ न्यूटन मीटर जोराचं चाक (म्हणजे स्टीअरिंग). रेसिंग टायर आणि डाउनफोर्सवाली गाडी वेगात वळवली की गेम त्याच्याकडे तेवढ्यापेक्षा जास्त जोर मागतो. मोटर आधीच टोकाला असते, मग कर्बवर (ट्रॅकच्या कडेची उंच पट्टी) चढलात काय किंवा टायर घसरायला लागला काय, वर दाखवायला जागाच उरत नाही. याला क्लिपिंग म्हणतात.

ओळखायचं कसं: सुझुका ट्रॅक, कुठलीही जीआर.३ (गेममधला रेस गाड्यांचा एक गट) गाडी, १३०आर हे वळण पूर्ण वेगात. आतल्या कर्बला हलकं चाक लावा. कर्ब हाताला जाणवला तर ठीक. स्टीअरिंग दगडासारखं एकसारखं घट्ट राहिलं तर टॉर्क एकेक पायरी खाली आणा, कर्ब बोलू लागेपर्यंत. जी२९ला बहुधा ४ ते ६ मध्ये काम होतं. संवेदनशीलता उलट: गिअरवाल्या चाकांवर कमी ठेवा, नाहीतर सरळ रस्त्यावर मधोमध खडखड येते.

थ्रस्टमास्टरची टी३००आरएस बेल्टवाली, जोर जी२९च्या जवळपास दुप्पट, मधला खडखडाट नाही. पण लांब बसलात की मोटर तापून जोर कमी होतो. मागची हवेची जागा भिंतीला चिकटवून ठेवू नका, आपल्या उन्हाळ्यात तर अजिबात नाही.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये (चाक थेट मोटरला जोडलेलं) फॅनाटेकचं जीटी डीडी प्रो ५ न्यूटन मीटर, १८० वॅटचा बूस्ट किट लावला की ८. इथे चाकाच्या मेन्यूत एफएफ (जोर) १००, एनडीपी (झोके दाबणारं) १५च्या आसपास, आयएनटी (धक्के गुळगुळीत करणारं) ६ ठेवून बाकीचं गेममधून जमवा. एनडीपी शून्य ठेवलं तर सरळ रस्त्यावर हात सोडताच चाक डावीउजवीकडे झोके घेऊ लागतं. तो बिघाड नाही, ओलसरपणा कमी पडतोय.

कोल्हापुरी_क्लच

"ओलसरपणा" वाचून चाकाला गळती लागली की काय असं वाटलं. डॅम्पिंगच म्हणा राव.

१३०आर

डॅम्पिंग. मान्य.

लोडसेल_काकू

एवढं सगळं स्टीअरिंगवर, आणि ब्रेकबद्दल एक ओळ नाही! सिमची अर्धी मजा डाव्या पायात आहे.

जीटी७चा मूळ दोष मला इथे दिसतो. एबीएस "डीफॉल्ट"वर असेल तर ब्रेक पूर्ण दाबून ठेवा आणि स्टीअरिंग वळवा, गाडी निमूट वळते. पेडल किती सोडलं याने फार फरक पडत नाही. म्हणजे ट्रेल ब्रेकिंग नावाचं जे कौशल्य आहे त्याला बक्षीसच नाही. एबीएस "वीक" करा. आता वळणात शिरताना ब्रेक थोडा धरून ठेवला की नाक आत येतं, जास्त धरला की मागचं फिरतं, आणि पुढची चाकं अडकली तर गाडी सरळ जाते. सुरुवातीला ब्रेक बॅलन्स उणे १ किंवा उणे २ ठेवा, म्हणजे जोर पुढे. हात बसला की शून्याकडे आणा. शर्यत चालू असतानाही डॅशबोर्डच्या मेन्यूतून बदलता येतं.

"एबीएस म्हणजे सिम नाही" हाही चुकीचा समज. खऱ्या जीटी३ (रेस गाड्यांचा एक वर्ग) गाड्यांना एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल दोन्ही असतात, त्यांच्या असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने या सिममध्येही म्हणूनच आहेत. फरक एवढाच की तिथे एबीएसवर लोंबकळलात तर थांबायचं अंतर वाढतं आणि टायर तापतात.

पेडलचं हार्डवेअर:

जी२९च्या ब्रेकमध्ये स्प्रिंगच्या आत रबराचा ठोकळा आहे. अर्ध्या प्रवासानंतर तो भिंतीसारखा लागतो आणि कन्सोलवर १०० टक्के ब्रेक गाठायला लाथच मारावी लागते. ब्रेकची पट्टी वरपर्यंत जात नसेल तर पेडल उघडून ठोकळा काढा किंवा त्याच्या जागी मिळणारी वेगळी स्प्रिंग घाला. मात्र नुसता ठोकळा काढला तर ब्रेक फार मऊ होतो आणि पायाला मोजमाप राहत नाही, तेव्हा स्प्रिंगचा पर्याय बरा.

पेडल न दाबता ब्रेकची पट्टी थरथरत असेल तर आतला पोटेन्शिओमीटर धुळीने भरलाय. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, पंधरा वीस वेळा पेडल हलवणं, वाळू देणं. वंगणाचा स्प्रे मारू नका, धूळ दुप्पट चिकटते.

पोटेन्शिओमीटर पाय किती सरकला ते मोजतो, लोडसेल किती जोर दिला ते मोजतो. खऱ्या गाडीत पाय जोर लक्षात ठेवतो, म्हणून लोडसेलवर लॅप एकसारख्या येऊ लागतात. टी३००ला टी-एलसीएम ही लोडसेलवाली पेडल बसतात. फॅनाटेकच्या सीएसएल पेडलना लोडसेलचा किट मिळतो, तो ६० किलोपर्यंत घेतो. आणि कन्सोलवाल्यांसाठी सर्वात महत्त्वाचं: पेडल चाकाच्या बेसमध्येच खोचली गेली पाहिजेत. वेगळ्या कंपनीचे यूएसबी पेडल थेट पीएस५ला लावले तर गेम ओळखत नाही. त्यासाठी मिळणारे बाहेरचे ॲडॅप्टर आज चालतात आणि एखाद्या अपडेटनंतर बंद पडू शकतात.

खड्डेबहाद्दर

काकू, लोडसेल घेतला आणि खुर्ची चाकांची असेल तर ब्रेक मारताच माणूस मागे आणि पेडल पुढे!

लोडसेल_काकू

म्हणूनच खुर्चीची दोन चाकं काढायची, किंवा खुर्चीच्या खांबापासून पेडलच्या पाटापर्यंत सामानाचा पट्टा ताणून बांधायचा. आपल्याच जोराने खुर्ची आणि पेडल एकमेकांना धरून ठेवतात. ८ न्यूटन मीटरचं चाक मात्र अभ्यासाच्या टेबलाला लावू नका, क्लॅम्प सैल होतो आणि पार्टिकल बोर्ड उखडतो. फॅब्रिकेशनवाल्याकडून दीड इंची चौकोनी एमएस पाइपची, २ मिलिमीटर जाडीची फ्रेम करून घ्या. पेडलच्या पट्टीखाली एक आडवी पाइप जादा मागा, तीच पहिली वाकते. चाक आणि पेडलना बोल्टसाठी गोल भोक न पाडता लांबट खाच ठेवायला सांगा, म्हणजे उंचीप्रमाणे पुढेमागे करता येईल.

खड्डेबहाद्दर

आता दिसण्याबद्दल. हॉलमध्ये ५५ इंची टीव्ही, सोफा २ मीटरवर. टीव्हीची रुंदी साधारण १२२ सेंटिमीटर. हिशेब केला तर डोळ्याच्या कोनात ३४ अंशच येतात. गेम त्यात बरंच रुंद चित्र कोंबतो, म्हणून वळणं आहेत त्यापेक्षा लांब वाटतात आणि ब्रेक चुकतो. तोच टीव्ही ८० सेंटिमीटरवर आणला की ७५ अंश. २७ इंची मॉनिटर ६० सेंटिमीटरवर असेल तर ५३. पीसीवरच्या सिममध्ये हा आकडा सरळ भरता येतो. जीटी७त तो भरायची सोयच नाही आणि तीन स्क्रीनही नाहीत. म्हणजे पडदा जवळ आणणं हाच एक उपाय. चाकाच्या अगदी मागे, चाकाने डॅशबोर्डचा खालचा भाग झाकला जाईल इतका. मग गेममधलं स्टीअरिंग दिसणारा व्ह्यू सोडून बॉनेटचा घ्या, नाहीतर समोर दोन दोन स्टीअरिंग.

याला उत्तर पीएसव्हीआर२ (पीएस५चा व्हीआर चष्मा). फेब्रुवारी २०२३पासून दोन खेळाडूंचा विभागलेला पडदा सोडला तर सगळ्या शर्यती त्यात चालवता येतात, आणि हे मोफत अपडेटने आलं. वळणाकडे मान वळवून अपेक्स (वळणाचा आतला बिंदू) बघता येतो, नॉर्डश्लाइफे या जर्मनीतल्या लांब ट्रॅकचे चढउतार पोटात कळतात. सपाट पडद्यावर तिथलं कारुसेल नुसतं एक खड्ड्यासारखं वळण आहे. व्हीआरमध्ये त्याचा उतार दिसतो आणि गाडी त्यात टाकायची कधी ते आपोआप समजतं. तोटा: पीएस५वर चित्र ६० फ्रेमचं दुप्पट करून १२०वर नेलेलं असतं, त्यामुळे बाजूने जवळून जाणाऱ्या गाड्या किंचित दुहेरी दिसतात. सुरुवातीला दहा मिनिटांच्या वर बसू नका आणि मळमळ सुरू झाली की "अजून एक लॅप" करू नका, ती उतरायला तास जातात. टेबल फॅन तोंडावर ठेवला तर बराच फरक पडतो.

याबाबतीत पीएस५वर त्याला तोड नाही. कॉम्पेटिझिओनेला पीएस५वर व्हीआर नाहीच.

टर्बोतात्या

व्हीआरचं मान्य. पण कॉम्पेटिझिओने निघालाच आहे तर ऐका. पीएस५वर तोही मिळतो, फेब्रुवारी २०२२पासून. म्हणजे प्रश्न "कन्सोल की पीसी" एवढाच नाही. त्याच कन्सोलवर, त्याच चाकाने दोन्ही चालवून बघता येतात.

जीटी७च्या सेटअपमध्ये उंची, स्प्रिंगची फ्रिक्वेन्सी, डॅम्पर, अँटीरोल बार, कॅम्बर आणि टो (चाकांचे कोन), एलएसडी (दोन चाकांत ताकद वाटणारा डिफरन्शियल) सगळं आहे, पण टायरची हवा नाही. कॉम्पेटिझिओनेत सगळं गणित हवेपासूनच सुरू होतं: कोरड्या ट्रॅकवर गरम झाल्यावर २६ ते २७ पीएसआयमध्ये यायला हवी. म्हणून थंड हवा कमी भरायची, तीन चार लॅप मारून आकडे बघायचे, परत पिटला येऊन अर्धा पीएसआय इकडेतिकडे करायचा. ढग आले, ट्रॅक थंड झाला की पुन्हा तेच. ज्याला हे किचकट काम आवडतं त्याची भूक जीटी७ने भागणार नाही. ज्याला याचा कंटाळा येतो त्याने आयरेसिंगच्या नादाला लागूच नये.

आणि जीटी७चे जुने सेटअप इंटरनेटवरून उचलताना तारीख बघा. जुलै २०२४च्या १.४९ अपडेटने टायर आणि सस्पेन्शनचं वागणं बदललं. त्याच अपडेटनंतर काही गाड्या उड्या मारत आभाळात जात होत्या, ते थोड्याच दिवसांत दुरुस्त झालं. पण त्याआधीचे स्प्रिंगचे आकडे आता जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

कोल्हापुरी_क्लच

तात्या, एवढं कमअस्सल असतं तर निसानच्या जीटी अकॅडमीतून (जीटी खेळणाऱ्यांतून रेसर निवडणारी स्पर्धा) माणसं ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीला कशी पोचली? लुकास ओर्दोन्येझ २००८च्या पहिल्या स्पर्धेतून आला, यान मार्डनबरो २०११ला जिंकला. दोघांनीही ले मान्सला एलएमपी२ (तिथला एक रेस गाड्यांचा वर्ग) गाड्या चालवल्या.

टर्बोतात्या

गेमने चाळणी लावली, ड्रायव्हर नाही घडवला. निवडलेल्यांना सिल्वरस्टोनच्या कॅम्पमध्ये खऱ्या गाडीत घासूनपुसून घेतलं, मग खालच्या शर्यतींतून लायसन्ससाठी सही मिळवत वर नेलं. लाखोंतून लाइन, ब्रेकिंगचा बिंदू आणि एकाग्रता ज्याची पक्की आहे असा माणूस शोधायला जीटी पुरेसा आहे, हे मात्र त्यातून सिद्ध होतं. भीती आणि मानेवरचा ताण यातलं काही तो शिकवत नाही, पण ते कुठलंच सिम शिकवत नाही.

कोल्हापुरी_क्लच

इतपत पटतं. एच शिफ्टरबद्दल (खऱ्या गाडीसारखा गिअरचा दांडा) मीच सांगून टाकतो: लावा, मजा येते, पण क्लच फार माफी देतो. क्लच सोडून ब्रेक मारून उभे राहिलात तरी इंजिन बंद पडत नाही. सहाव्यातून चुकून दुसऱ्यात टाकण्याची जी धास्ती हवी ती असेटो कोर्सात जास्त आहे.

डेटावाली

एक गोष्ट कोणी काढली नाही. जीटी७ गाडीचा डेटा नेटवर्कवरून बाहेर देतो, आणि समाधान होतंय की नाही याची सर्वात चांगली तपासणी तिथे होते.

पीएस५ आणि लॅपटॉप एकाच राउटरवर ठेवा. पीएस५च्या नेटवर्क सेटिंगमधून आयपी घ्या. लॅपटॉपवर सिमहब (हा डेटा वाचणारं सॉफ्टवेअर) उघडून त्यात जीटी७ निवडून तो आयपी भरा. आत काय होतं ते असं: लॅपटॉप पीएस५च्या ३३७३९ पोर्टवर एक छोटा संदेश दर काही सेकंदांनी पाठवत राहतो आणि पीएस५ लॅपटॉपच्या ३३७४० पोर्टवर सेकंदाला ६० पॅकेट टाकतो. वेग, आरपीएम, गिअर, ॲक्सिलरेटर, ब्रेक, चारही टायरचं तापमान, सस्पेन्शनची उंची, इंधन. रिप्ले चालू असतानाही येतो.

ब्रेकचा आलेख काढा. एबीएस डीफॉल्टवर बहुतेकांचा ब्रेक चौकोनी दिसतो: शून्य, शंभर, शून्य. वीकवर नीट शिकलेल्याचा आलेख झटकन वर जातो आणि वळणाच्या आतपर्यंत तिरका उतरतो. दुसरं, ब्रेक सुटण्यापासून ॲक्सिलरेटर सुरू होईपर्यंत किती वेळ दोन्ही शून्यावर आहेत ते मोजा. संथ वळणात अर्धा सेकंद रिकामा जात असेल तर नवीन चाक घेऊन काही होणार नाही.

याच डेटावर सीटखाली बेस शेकर (कंप देणारं यंत्र) लावता येतो. टायर घसरणं आणि कर्ब हे दोनच परिणाम चालू ठेवा. इंजिनचा कंप चालू केलात तर बाकी सगळं त्यात बुडतं, आणि खालच्या मजल्यावरचे वर येतात.

वळणदार

उत्तम. डेटावाली, सिमहब "वाट पाहतोय" म्हणत अडकून राहतं अशी तक्रार दुसऱ्या धाग्यात होती. आयपी बरोबर असूनही.

डेटावाली

तीन कारणं, याच क्रमाने बघा. एक, विंडोजचा फायरवॉल: ३३७४० यूडीपी आत यायला परवानगी द्या, आणि आपलं नेटवर्क "पब्लिक" न ठेवता "प्रायव्हेट" करा. दोन, राउटरवर गेस्ट वायफाय किंवा क्लायंट आयसोलेशन चालू असेल तर एकाच वायफायवरची यंत्रं एकमेकांना दिसतच नाहीत. इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये हे बरेचदा मुळातच चालू असतं. तीन, आधी उघडलेलं दुसरं डॅशबोर्ड ॲप तोच पोर्ट धरून बसलेलं असतं, ते बंद करा. शिवाय मेन्यूत बसून गाडीचे आकडे हलण्याची वाट बघू नका, ट्रॅकवर उतरा.

लोडसेल_काकू

जुनं चाक घेणाऱ्यांसाठी राहिलेलं सांगते. लॉजिटेकचं जी९२३ दोन प्रकारचं येतं, एक्सबॉक्सवालं पीएस५वर चालत नाही. बटणांवर चौकोन आणि त्रिकोण आहेत का ते फोटोत बघूनच पैसे द्या. जी२९ असेल तर वरचा छोटा स्विच पीएस४वर असू द्या. वीज जोडल्यावर चाक स्वतः दोन्ही टोकांना फिरून मध्ये येतं, तेव्हा हात लावू नका आणि पाय पेडलवरून काढा. मग तिन्ही पेडल एकदा तळापर्यंत दाबा, तेव्हाच त्यांना आपली हद्द कळते. विकणाऱ्यासमोरच दोन्हीकडे टोकापर्यंत जोरात पाच सहा वेळा फिरवा आणि सोडा. मधली खूण दरवेळी थोडी सरकत असेल तर आतली एन्कोडरची (चाक किती फिरलं ते मोजणारी) चकती तडकलेली आहे, भाव कितीही पाडला तरी घेऊ नका.